नॉर्थ कॅरोलिनात घर बघायला: डरहॅम ते विल्मिंग्टन

नॉर्थ कॅरोलिना म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर कॅरी आणि मॉरिसव्हिल येतं. आयटीतली पोरं, मंडळाचा गणपती, कढीपत्ता आणि भगर मिळणारी दुकानं. माझी भाची मॉरिसव्हिललाच राहते. पण गेल्या ऑक्टोबरातला आमचा प्रवास त्या वर्तुळाबाहेरचा होता आणि तो घडला तिच्या एका मैत्रिणीमुळे.

भाची ज्या हॉस्पिटलात काम करते तिथं ही मैत्रीण नर्स आहे. कृष्णवर्णीय कुटुंब, कितीतरी पिढ्या डरहॅमच्याच. नवरा बस डेपोत मेकॅनिक, दोन मुलं शाळेत. डरहॅमची भाडी इतकी चढली आहेत की राज्यातच दुसऱ्या एखाद्या शहरात स्वतःचं घर घ्यायचं दोघांनी मनावर घेतलं होतं. "राहण्यासाठी उत्तम शहरं" अशा याद्या तिनं पुष्कळ चाळल्या होत्या. "त्यात शार्लट वर असतं, रॉली वर असतं. पण कोणासाठी वर आहे ते कोणी लिहीत नाही," ती म्हणाली. मग तिनं रजा टाकली, भाचीनं गाडी काढली आणि मी मागच्या सीटवर बसले.

मी नागपूरची. वस्त्यांमधल्या घरांच्या मालकी पट्ट्यांसाठी लोकांबरोबर बरीच वर्षं चपला झिजवल्या आहेत. त्यामुळे कुठल्याही गावात गेले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा कागद कोणाच्या नावावर आहे हा. या प्रवासात त्या एका प्रश्नानं मला बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त दाखवलं.

शुक्रवार : डरहॅम

सकाळी आधी शहराच्या उत्तरेला स्टॅगव्हिलला गेलो. बेनेहन-कॅमरन घराण्याची ही शेती. 1860 च्या सुमारास जवळपास 30,000 एकर जमीन आणि त्यावर 900 च्या आसपास गुलाम माणसं. हॉर्टन ग्रोव्ह नावाच्या भागात त्यांची दुमजली लाकडी घरं अजून उभी आहेत. एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायचं. गाईडनं आम्हाला चिमणीच्या विटांजवळ नेलं. विटांवर बोटांचे ठसे आहेत. माती ओली असताना वीट उचलणाऱ्याचे, त्या काळी उमटलेले आणि तसेच भाजले गेलेले. त्यातले काही इतके लहान की ते मुलांचेच असणार. मैत्रिणीनं आपलं बोट एका खळग्यात ठेवून पाहिलं. ते आत मावलं नाही.

मी गाईडला सांगितलं की आमच्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यानं खिशातली वही काढली, माझ्याकडून नावाची अक्षरं एकेक करून लिहून घेतली आणि मग पुण्याबद्दल, सावित्रीबाईंबद्दल विचारत राहिला. पुढचा गट येऊन ताटकळला तेव्हा कुठे आम्ही हललो.

मुक्तीनंतरही इथली बरीच कुटुंबं याच मालकाच्या जमिनीवर वाट्यानं शेती करत राहिली. स्वातंत्र्य हाती आलं, जमीन आली नाही. पुढच्या सगळ्या शहरांची गोष्ट मला इथूनच सुरू झालेली दिसते.

(स्टॅगव्हिलला प्रवेश मोफत आहे. आठवड्यातले काही दिवस बंद असतं, त्यामुळे वेळ बघून निघा. घरांच्या आत गाईडसोबतच जाता येतं. गवतातून चालावं लागतं, गोचिडी असतात, म्हणून पाय झाकणारे कपडे घाला.)

दुपारी हेटी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांचा गजबजलेला भाग होता. दुकानं, थिएटर, हॉटेलं, दवाखाना, सगळं त्यांच्याच मालकीचं. आज तिथं 1891 सालचं लाल विटांचं सेंट जोसेफ चर्च उभं आहे. आता ते हेटी हेरिटेज सेंटर झालंय. आणि त्याच्याजवळून डरहॅम फ्रीवे सुसाट वाहतो. 1960 च्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली बुलडोझर आले. चार हजारांवर कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास व्यवसाय उठले. मैत्रिणीच्या आजीचं घर त्यातच गेलं. आता तिथं फ्रीवेवर चढायचा रस्ता आहे.

"भरपाई मिळाली होती का?" मी विचारलं.

"मिळाली. पण तेवढ्यात दुसरं घर येईना. मग आजी सरकारी वसाहतीत गेली, आई भाड्याच्या घरात, आणि मीही भाड्याच्याच घरात."

एका रस्त्यामुळे एका घराण्याच्या तीन पिढ्या मालकाच्या भाडेकरू झाल्या. नागपुरात मेट्रो आणि रिंगरोडच्या वेळी मी हे हिशेब लोकांबरोबर बसून मांडलेत, त्यामुळे मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

तिथून पॅरिश स्ट्रीट जवळच आहे. 1898 मध्ये जॉन मेरिक या माणसानं डॉक्टर अॅरन मूर वगैरे मंडळींना घेऊन नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही विमा कंपनी काढली. मेरिक गुलामगिरीत जन्मलेला. धंद्यानं न्हावी, आणि तंबाखूवाले ड्यूक त्याचं गिऱ्हाईक. पुढे 1908 मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक सुरू झाली. गोऱ्यांच्या बँका काळ्या माणसाला घरासाठी कर्ज देत नव्हत्या, ते या बँकेनं दिलं. विमा कंपनी आता राहिली नाही, पण बँक आहे. रस्ता तसा छोटाच. भिंतीवरचे फलक थांबून वाचले तर पाऊण तास लागतो, आणि तो द्यावा.

आजचं डरहॅम दिसायला देखणं आहे. तंबाखूच्या जुन्या गोदामांमध्ये ऑफिसं, कॉफीची दुकानं आणि महागडे फ्लॅट आलेत. ड्यूक विद्यापीठ आहे, उत्तम इस्पितळं आहेत, शहराच्या कारभारात कृष्णवर्णीय माणसं वरच्या जागांवर आहेत. लोकसंख्येत तिघांमागे एकाहून जास्त तेच आहेत. ज्यांच्या आजोबांचं घर वाचलं त्यांचं इथं बरं चाललंय. मैत्रीण म्हणाली, "शहर सुधारलं आणि तेवढ्यात ते आमच्या हातून गेलं."

रात्री फेएटव्हिल स्ट्रीटवर जेवलो. तळलेलं चिकन, मॅक अँड चीज, मक्याचा ब्रेड, गोड रताळी, कोलार्डची भाजी. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. कोलार्ड आणि घेवड्याच्या शेंगा बहुतेक ठिकाणी डुकराच्या किंवा टर्कीच्या तुकड्याबरोबर शिजवतात, तेव्हा विचारूनच घ्या. तळलेली भेंडी मात्र सगळीकडे मिळते आणि झकास असते. आणि चहा मागितलात तर बर्फ घातलेला, साखरेनं ठासलेला पेला येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर तसं आधी सांगायचं.

शनिवार : ग्रीन्सबरो

डरहॅमहून तासाभराचा रस्ता, पण ग्रीन्सबरोत शिरल्यावर गाडी हलेना. नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी विद्यापीठाचं होमकमिंग होतं. माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळा. मैत्रिणीनं मुद्दामच हा शनिवार धरला होता.

ए अँड टी 1891 सालचं. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांमध्ये विद्यार्थिसंख्येनं आज देशात सगळ्यात मोठं. कृष्णवर्णीय इंजिनीअर घडवण्यातही आघाडीवर. त्या दिवशी अर्धं शहर निळ्या-सोनेरी रंगात होतं. फुटपाथवर शेगड्या, गाड्यांच्या डिक्या उघड्या, ढोलताशांना लाजवेल असा विद्यापीठाचा बँड. पंचाहत्तरीच्या आजोबांनी आम्हाला थांबवून मक्याची कणसं हातात दिली. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. पदवी घेतली तेव्हा या राज्यात त्यांना त्यांच्या शिक्षणाचं काम कोणी देईना, म्हणून उत्तरेत गेले. आता नातू इथंच शिकतोय आणि शिकून इथंच राहायचं म्हणतोय. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की भाचीनं दुसरं कणीस मागून घेतलं. ते बोलत राहावेत म्हणून.

दुपारी साउथ एल्म स्ट्रीटवरच्या नागरी हक्क संग्रहालयात गेलो. हे मूळचं वुलवर्थचं दुकान. 1 फेब्रुवारी 1960 ला ए अँड टीचे चार विद्यार्थी, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, इथल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली, बेनेट कॉलेजच्या मुली आल्या, आणि बघता बघता दक्षिणेतल्या कितीतरी गावांत हेच सुरू झालं. तो काउंटर अजून जागच्या जागी आहे.

चौघांची गोष्ट मला माहीत होती. माहीत नव्हतं ते पुढचं. 25 जुलै 1960 ला दुकानानं माघार घेतली, तेव्हा त्या काउंटरवर बसून खाणारी पहिली कृष्णवर्णीय माणसं त्याच दुकानाचे नोकर होते. जिनिव्हा टिस्डेल आणि तिच्या सोबतिणी रोज तिथं रांधायच्या, वाढायच्या. त्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं, गणवेश बदला, घरचे कपडे घाला आणि समोर बसा. ज्या काउंटरसाठी शेकडो पोरं भांडली त्याच्या आतल्या बाजूला या बायका वर्षानुवर्षं उभ्या होत्या. मला त्या स्टुलांकडे बघताना पोरांपेक्षा त्यांचाच विचार येत राहिला.

होमकमिंगच्या दिवसांत ग्रीन्सबरोत हॉटेलची खोली मिळणं कठीण, मिळालीच तर भाव अवाच्या सवा. महिने आधी बुकिंग करा नाहीतर दुसरा आठवडा निवडा. आमची सोय मैत्रिणीच्या मावशीकडे होती. पूर्व ग्रीन्सबरोत, विटांचं बैठं घर, पुढे-मागे अंगण, मागे पेकानचं झाड. मावशी डेनिमच्या गिरणीत काम करायची. गिरणीच्या पगारातून सत्तरच्या दशकात घर घेतलं आणि फेडलं. शेवटची मोठी डेनिम गिरणी, व्हाइट ओक, 2017 च्या अखेरीस बंद झाली. म्हणजे ज्या पगारानं हे घर उभं राहिलं तो पगार आता गावात नाही.

त्या बाईंनी माझ्या नावाआधी "मिस" लावून मला खुर्चीत बसवलं आणि रताळ्याचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, पुढ्यात ठेवला. नॉर्थ कॅरोलिना हे रताळ्याचं देशातलं सगळ्यात मोठं उत्पादक राज्य. पायचं सारण जायफळ घातलेलं, चव थेट आपल्या पुरणाची. मी दोनदा घेतला.

"गावाचं कौतुकच ऐकायचंय का सगळं ऐकायचंय?" त्यांनी भाचीला विचारलं, आणि मग सगळं सांगितलं. 3 नोव्हेंबर 1979 ला याच शहरात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेनं आणि अमेरिकन नाझींनी भर दिवसा मोर्चातल्या पाच जणांना गोळ्या घालून मारलं. गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना सोडलं. नगर परिषदेनं रीतसर ठराव करून माफी मागितली ती 2020 मध्ये. फिलिप्स अॅव्हेन्यूवरचं किराणा दुकान 1998 मध्ये बंद पडलं आणि पुढे जवळपास वीस वर्षं या भागात ताजी भाजी मिळायला गाडी लागायची. कोणी मोठी कंपनी येईना म्हणून लोकांनी वर्गणी काढून स्वतःचं सहकारी दुकान काढलं, 2016 मध्ये. मावशींनी शेअर घेतला होता. 2019 च्या सुरुवातीला ते बंद झालं.

"पैसे बुडाले?" मी विचारलं.

"बुडाले. पण दोन वर्षं मी पायी जाऊन कोबी आणला," त्या म्हणाल्या, आणि सभासदाचं कार्ड ड्रॉवरमधून काढून दाखवलं. सहकाराच्या मुलखातून आलेल्या माझ्याशी मग त्या रात्री अकरापर्यंत बोलत होत्या. आमची दूध सोसायटी कशी चालते, निवडणूक कशी होते, तोटा आला तर कोण भरतं. त्यांना अजूनही ते दुकान पुन्हा उभं करायचंय.

रविवार, सोमवार : शार्लट

सकाळी मावशींबरोबर चर्चला गेलो. प्रार्थना दोन तास चालली, आणि ती संपल्यावर मागच्या टेबलावर रक्तदाब तपासणी आणि मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, अर्ज भरून देण्याचं काम सुरू झालं. राज्यानं 1 डिसेंबर 2023 पासून कमी पगारात राबणाऱ्यांनाही मेडिकेड लागू केलं. मैत्रिणीच्या मते गेल्या कित्येक वर्षांत तिच्या वॉर्डात फरक पडला तो एवढ्या एका निर्णयानं. लोक आधी साखर पाचशेच्या वर गेल्यावर यायचे, आता गोळ्या संपल्या की येतात. जगण्याचा दर्जा मोजायचा तर मी इथूनही सुरुवात करीन.

शार्लटला दुपारी पोचलो. काचेचे उंच मनोरे, बँकांची राजधानी, साडेआठ लाखांवर वस्ती. हार्वी गँट 1983 मध्ये इथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. अपटाउनमध्ये त्यांच्या नावाचं कलाकेंद्र आहे, ते आवर्जून बघा. पण मला जास्त भिडलं ते जवळचं कब्रस्तान. एल्मवुड गोऱ्यांचं, त्याला लागून पाइनवुड काळ्यांचं, आणि मधे कुंपण. 1969 मध्ये ते काढलं. आज गवतात त्याची खूण दिसत नाही. फरक दिसतो तो दगडांत. एका बाजूला दाटीनं उभे संगमरवर, दुसऱ्या बाजूला मोकळी हिरवळ, कारण बऱ्याच कबरींवर दगड बसवण्याची ऐपत नव्हती.

ब्रुकलिन नावाची वस्ती सेकंड वॉर्डात होती. साठच्या दशकात तीही पाडली. हजारावर कुटुंबं गेली, चर्चं गेली, सेकंड वॉर्ड हायस्कूल गेलं. शाळेची फक्त व्यायामशाळा राहिली. साउथ ब्रेव्हार्ड स्ट्रीटवर ग्रेस चर्चची इमारत आणि तिच्याजवळची 1922 ची तीन मजली इमारत, जी कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी स्वतः भांडवल उभारून बांधली होती, एवढंच उरलंय. आजूबाजूला पार्किंग आणि सरकारी कार्यालयं. डरहॅममध्ये रस्त्यानं केलं ते इथं कार्यालयांनी केलं.

रात्री मैत्रिणीची चुलत बहीण भेटली. तिशीतली, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. ती शार्लटवर खूश आहे आणि तिचं म्हणणं मला पटलंही. "ऑफिसात मी एकटी नसते. जेवायला गेले तर शेजारच्या टेबलावर माझ्यासारखेच वकील, डॉक्टर असतात. मला कोणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही." हे छोटं सुख नाही. डिग्री हातात घेऊन येणाऱ्या तरुण माणसाला शार्लट खरंच बरंच देतं.

शार्लटमध्येच जन्मलेल्या गरिबाचं काय, तर 2014 मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या 50 मोठ्या शहरी भागांची तुलना केली, त्यात शार्लट शेवटचं आलं. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शातल्या घरी जन्मलेलं मूल सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता इथं 4.4 टक्के निघाली. गंमत नव्हे, दुःख याचं की याच शहरानं 1971 च्या स्वान खटल्याच्या निकालानंतर बसनं मुलं एकमेकांच्या भागात नेऊन शाळा एकत्र करून दाखवल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोर्टानं ती व्यवस्था संपवली आणि शाळा पुन्हा वस्त्यांप्रमाणे वेगळ्या झाल्या.

सोमवारी सकाळी बीटीज फोर्ड रोड आणि आसपास घरं बघितली. 1867 पासूनचं जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठ इथंच आहे, ट्राम थेट तिथपर्यंत येते. परवडणारं घर या भागात उरलेलं नाही. जुनी बैठी घरं पाडून तिथं चौकोनी नवे डबे उभे राहताहेत. एजंट मग आम्हाला शहराच्या पार टोकाला घेऊन गेला. तिथल्या गल्लीत निम्मी घरं गुंतवणूक कंपन्यांची, भाड्यानं दिलेली. मैत्रिणीनं विचारलं, "शेजारी कोण राहतं?" एजंटला सांगता आलं नाही.

(गाडी चालवायची नसेल तर रॉली, डरहॅम, ग्रीन्सबरो, शार्लट ही सगळी अॅमट्रॅकच्या पिडमाँट गाडीवर आहेत. दिवसातून काही फेऱ्या असतात, डबे स्वच्छ असतात, आणि डरहॅम व ग्रीन्सबरोची स्टेशनं अगदी मध्यवस्तीत आहेत. विल्मिंग्टनला मात्र रेल्वेनं जाता येत नाही.)

शार्लटहून विल्मिंग्टन साडेतीन-चार तास. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस फुटलेला. मी विदर्भातली, मला भरून आलं. 1861 ते 65 च्या यांच्या यादवी युद्धात इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी गाडी थांबवायला सांगितली. भाची आणि मी उतरलो. मैत्रीण उतरली नाही. तिचे आजोबा लहानपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे, शाळा सोडून. तिला तो जवळून बघायचा नव्हता.

पुढे एका गावाजवळ पोलिसांची गाडी बराच वेळ मागे राहिली. चालवत होती भाची, तरी मैत्रिणीनं तिला वेग कमी करायला लावला, गाडीचे कागद ग्लव्ह बॉक्समधून काढून डॅशबोर्डवर ठेवले आणि हात मांडीवर, दिसतील असे. मेकॅनिक नवऱ्यालाही आणि तेरा वर्षांच्या मुलालाही तिनं हेच शिकवलंय. थांबवलेल्या गाड्यांची वांशिक नोंद ठेवण्याचा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, 1999 चं. पोलिसांची गाडी वळून गेली. तिनं कागद परत ठेवले.

मंगळवार : विल्मिंग्टन, परतताना रॉली

केप फिअर नदीच्या काठचं विल्मिंग्टन या प्रवासातलं सगळ्यात सुंदर गाव. जुने ओक, त्यांवर लोंबणारं करडं शेवाळ, लाकडी रिव्हरवॉक, समुद्र वीस मिनिटांवर. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि हवा आपल्या कोकणातल्यासारखी दमट. (जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम, निघण्याआधी हवामान बघा. 2018 मध्ये फ्लोरेन्स वादळात हे शहर पुरानं वेढलं गेलं होतं.)

1898 मध्ये इथं निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. त्यांचे नगरसेवक होते, पोलीस होते, कारागीर, दुकानदार होते, अॅलेक्स मॅनली यांचं 'डेली रेकॉर्ड' हे वर्तमानपत्र होतं. 10 नोव्हेंबर 1898 ला गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं छापखाना जाळला, माणसं मारली, आणि बंदुकीच्या धाकावर महापौर आणि नगरसेवकांचे राजीनामे घेऊन त्याच दिवशी आपली माणसं बसवली. निवडून आलेलं सरकार असं उलथवून टाकल्याचं अमेरिकेच्या इतिहासातलं हे यशस्वी उदाहरण. किती मेले याचा आकडा आजही पक्का नाही. शेकडो लोक दलदलीत लपले, पुढे कितीतरी जण गाव सोडून गेले. दोनच वर्षांनी राज्यानं साक्षरतेची अट घालून काळ्यांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला.

आज या गावात कृष्णवर्णीय साधारण सहांमागे एक. याद्यांमध्ये विल्मिंग्टन समुद्रकिनाऱ्यासाठी, निवृत्तांसाठी वर असतं.

2008 मध्ये उभारलेल्या स्मारकात काशाची सहा उंच वल्ही आहेत. पण आम्ही जास्त थांबलो पाइन फॉरेस्ट कब्रस्तानात. त्या दिवशी मारल्या गेलेल्या जोशुआ हॉल्सीची कबर इथं खुणेवाचून होती. ती शोधून 2021 च्या नोव्हेंबरात, म्हणजे 123 वर्षांनी, त्याचा रीतसर अंत्यविधी झाला. त्याचे वंशज त्याला आले होते. पालापाचोळा झाडणारे एक वयस्क गृहस्थ आम्हाला तिथवर घेऊन गेले. मैत्रिणीनं विचारलं, इथं घर घेऊन राहावं का? ते म्हणाले, "घर मिळेल. चर्च भरलेलं मिळणार नाही. माझ्या लहानपणच्या गल्लीत मी एकटा उरलोय."

दुपारी नदीकाठी ताजा मासा आणि मक्याच्या पिठाची भजी खाऊन निघालो. व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ सॉस इथला खास, माशावर अप्रतिम लागतो.

परतीच्या वाटेवर रॉलीत शॉ विद्यापीठात थांबायचा हट्ट माझा होता. कारण नागपूर. जेम्स लॉसन नावाचा तरुण मेथॉडिस्ट मिशनरी 1953 मध्ये आमच्या हिस्लॉप कॉलेजात आला, पोरांना खेळ शिकवायचा आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्यांनी भेदभावाविरुद्ध पुकारलेल्या बसबहिष्काराची बातमी त्यानं नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. 1956 मध्ये तो परतला आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उचलण्याचं शिक्षण दिलं. ग्रीन्सबरोनंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल 1960 मध्ये, नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या एला बेकर यांनी सगळ्या गावांतल्या आंदोलक पोरांना शॉमध्ये बोलावलं. लॉसन तिथं मुख्य भाषण करायला होते, आणि त्या बैठकीतून एसएनसीसी ही विद्यार्थ्यांची संघटना जन्मली. 2024 च्या जूनमध्ये लॉसन गेले. शॉची 1874 ची एस्टी हॉल ही इमारत कृष्णवर्णीय मुलींच्या उच्च शिक्षणासाठी बांधलेली देशातली पहिली. तिच्या पायरीवर बसून मी दोघींना हिस्लॉपचं मैदान कसं आहे ते सांगितलं. भाची नागपुरात वाढलेली. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

रात्री मॉरिसव्हिलला पोचून पिठलं-भाकरी केली. जेवता जेवता मैत्रिणीनं नवऱ्याला फोन लावला. तिचं मत ग्रीन्सबरोच्या बाजूनं पडलंय, मावशीच्या घराजवळ. पगार कमी मिळेल, किराणा लांब आहे, पण शार्लटच्या टोकाच्या घराच्या पैशात तिथं अंगणासकट घर येतं, कर्ज पंधरा वर्षांत फिटतं, आणि गल्लीतली निम्मी घरं राहणाऱ्यांच्याच मालकीची आहेत, हे तिनं मावशींबरोबर दारोदार विचारून घेतलं होतं. नवरा अजून राजी नाही. त्याची डेपोतली नोकरी, पेन्शन, डरहॅममधली आई. डिसेंबरात दोघं मिळून परत बघायला जाणार आहेत. मुलांना तेव्हा भाची सांभाळेल.